अध्यक्षांचे कान

अध्यक्ष होण्यात अवघड काहीच नसतं, असं माझं ठाम मत होतं. निवड झाली त्या संध्याकाळी चहा पिता पिता मी ते माझ्या बायकोला, प्रेमलाला, सविस्तर समजावून सांगितलं. आमच्या तेरखेड्याच्या मंडळाचे अध्यक्ष मी लहानपणापासून बघत आलोय. फेटा बांधून घ्यायचा, पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसायचं, हात जोडायचे, कुणी माइक पुढं केला तर सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या, पोटभर जेवायचं आणि शाल-नारळ काखेत मारून घरी यायचं. एवढं काम आमच्या दारातला कडुलिंबसुद्धा करेल. त्याला फक्त फेटा बांधायचा अवकाश.

मंडळाचं पुरं नाव ‘शोभेची दारू उत्पादक मंडळ’. बाहेरगावी नुसतं ‘दारू उत्पादक’ म्हटलं की लोक लगबगीनं खुर्ची देतात, म्हणून आधीच सांगतो, ही दारू फटाक्यांची. कुणी माळा करतं, कुणी सुतळी बॉम्ब, कुणी आकाशात जाऊन फुटणारे तोटे. मी फुलबाज्या आणि भुईनळे करतो.

आता माझी निवड का झाली, तेही सांगायला पाहिजे. मंडळात दोन मोठे लोक. एक हिंमतराव. अंगानं आडवे, मिशा भरघोस, बोलणं ढगासारखं. दुसरे शिवशरण. उंच, वाळकुडे, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. एकेकाळी दोघं इतके जिवलग होते की दोघांच्या कारखान्यांना एकच फाटक होतं. मग हिंमतरावांच्या मुलाच्या, रणधीरच्या, लग्नात घोटाळा झाला. शिवशरण मांडवामागं दारूकामाची तयारी करत होते. सगळं लावून ते पुढं आले तोवर पाहुण्यांना बांधायचे फेटे संपले होते. कुणीतरी त्यांच्या हातात टोपी आणि टॉवेल ठेवला. शिवशरणांनी टोपी टॉवेलात गुंडाळली, टॉवेल खुर्चीवर ठेवला आणि न जेवता घरी गेले. दुसऱ्या दिवशी हिंमतराव समजूत काढायला गेले नाहीत, कारण भरल्या मांडवातून न जेवता जाणं हा त्यांचा अपमान होता. त्यानंतर एका फाटकाची दोन फाटकं झाली आणि मधे भिंत आली. रस्त्यात समोरासमोर आले की एक आभाळाकडं बघायचा आणि दुसरा चपलेकडं.

त्यामुळं मंडळाच्या बैठकीत एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना. सकाळपासून दुपारपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी रामकिसननं, जो दोघांच्याही मधला होता आणि ज्याला भूक लागली होती, माझ्याकडं बोट दाखवलं. बाबूरावचं कुणाशीच वाकडं नाही, म्हणाला. खरी गोष्ट अशी की मी बैठकीत एक शब्दही बोललो नव्हतो. मी अध्यक्ष झालो.

प्रेमलानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कप उचलता उचलता एवढंच विचारलं, “आणि माळेचं काय?”

माळेचं मी विसरलोच होतो.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. अध्यक्ष कुठल्याही सभासदाकडं कार्याला गेला, मग ते बारसं असो की दुकानाचं उद्घाटन, तो सभासद दारापासून लांब मोकळ्या जागेत स्वतःच्या कारखान्यातली माळ अध्यक्षांच्या मानार्थ लावतो. अध्यक्षांनी माळ संपेपर्यंत ताठ उभं राहायचं. शेवटचा फटाका वाजला की मान हलवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘एकसारखी वाजली.’ या दोन शब्दांवर त्या माणसाची वर्षाची अब्रू असते.

आणि मला फटाक्याच्या आवाजाची भीती वाटते.

साधीसुधी नाही. वातीला आग लागलेली दिसली की माझे खांदे वर जाऊन कानाला चिकटतात, डोळे आपोआप मिटतात आणि पाय मला न विचारता निघतात. माझे वडील सुतळी बॉम्ब करायचे. मी कारखाना हातात घेतल्यावर पहिल्याच वर्षी फुलबाज्यांवर आलो आणि गावाला सांगितलं की शहरात आता बिनआवाजाच्या मालाला मागणी आहे. लोकांनी मला दूरदृष्टीचा माणूस ठरवलं. दरवर्षी दिवाळीत माझं पोट दुखतं आणि मी आतल्या खोलीत पडून असतो, हेही गावाला माहीत आहे. पोटाचं खरं कारण फक्त प्रेमलाला माहीत होतं.

पहिलं कार्य एका सभासदाच्या नातवाचं बारसं. सकाळपासून माझे तळहात ओले. प्रेमला देवघरात गेली आणि वातीचा कापूस घेऊन आली. तिनं त्याच्या दोन घट्ट गोळ्या केल्या, खोबरेल तेलात बुडवल्या आणि माझ्या कानांत अशा बसवल्या की ती पुढं काय म्हणाली ते मला आजतागायत कळलेलं नाही. वरून तिनं फेटा कानांवर ओढला.

माळ लागली. धूर दिसला, कागदाचे कपटे उडताना दिसले, पण आवाज कुणीतरी दोन गावं पलीकडं पापड मोडावेत इतकाच. मी ताठ उभा राहिलो. धूर विरला तशी मान हलवली आणि म्हणालो, “एकसारखी वाजली.” त्या माणसानं माझे पाय धरले.

आता राहिला प्रश्न बोलण्याचा. त्याचाही मी विचार केला होता. अध्यक्षाशी लोक काय बोलतात? या अध्यक्ष. बसा अध्यक्ष. जेवून जायचं हां. आमच्याकडं लक्ष असू द्या. या सगळ्याला एकच उत्तर चालतं. समोरच्याचे ओठ थांबले की मी हात जोडायचो आणि म्हणायचो, “व्हय व्हय, हाय की.” कधी अडलं नाही. एक साखरपुडा, दोन उद्घाटनं, शाळेतलं झेंडावंदन, सगळं निभावलं. उलट माझं नाव झालं. आधीचे अध्यक्ष नुसते बोलायचे, हा माणूस शांतपणे ऐकून घेतो, असं लोक म्हणू लागले. हे कौतुक मला घरी आल्यावर, कापूस काढल्यावर, प्रेमलाकडून ऐकायला मिळायचं.

मग रामकिसनच्या नव्या घराची वास्तुशांत आली.

रामकिसन दोघांच्या मधला, त्यामुळं हिंमतराव आणि शिवशरण दोघंही आले होते आणि मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. माळ लागली, मी माझे दोन शब्द बोललो आणि खुर्चीत बसलो. तेवढ्यात हिंमतराव उठून माझ्या शेजारी आले. माझ्या कानाकडं वाकून ते बराच वेळ काहीतरी बोलले. मला त्यांच्या मिशा हलताना दिसत होत्या. मिशा थांबल्या तशी मी म्हणालो, “व्हय व्हय, हाय की.” हिंमतरावांनी माझा हात घट्ट दाबला. त्यांचे डोळे पाणावले होते. धुरानं असतील, असं मला वाटलं.

जेवायच्या पंगतीत शिवशरण माझ्या शेजारी येऊन बसले. हा माणूस कधी कुणाशेजारी जाऊन बसत नाही. ते पानाकडं बघत एकच वाक्य बोलले. मी म्हणालो, “व्हय व्हय, हाय की.” त्यांचा हात वरणात तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी त्यांच्या पानातली जिलेबी उचलून माझ्या पानात ठेवली. मी घरी येऊन प्रेमलाला सांगितलं, की कार्यक्रम फार चांगला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो आणि रामकिसन धापा टाकत अंगणात आला. हिंमतराव शिवशरणच्या घरी गेले, म्हणाला. सोबत शिवशरणच्या मुलीला, निकिताला, साडी. तिचं लग्न जवळ आलं होतं. शिवशरण दारातच उभे होते, जणू वाटच बघत होते. दोघं एकदम एकमेकांच्या गळ्यात पडले. शिवशरणच्या बायकोनं, नीलम्मानं, त्यांना आत नेऊन चहा दिला. आणि हे सगळं अध्यक्षांनी घडवलं, असं हिंमतराव स्वतः सांगत होते.

मी म्हणालो, “म्या?”

त्यावर रामकिसन हसला. मोठ्या माणसांना मोठेपणा मिरवायला आवडत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तेवढ्यात मागून दहा-पंधरा माणसं आली आणि त्यांनी माझ्या अंगणासमोरच्या मोकळ्या जागेत माझ्या मानार्थ माळ लावली. कान उघडे. हातात दात घासायचा ब्रश. पहिल्या फटाक्याला मी ओट्यावर होतो आणि तिसऱ्या फटाक्याला देवघरात, गुडघ्यांवर, तोंडाला फेस. बाहेर प्रेमला सांगत होती, की ते कुठलंही यश आधी देवाच्या पायाशी ठेवतात. लोक गहिवरले.

संध्याकाळी नीलम्मा पेढे घेऊन आल्या आणि त्यांच्या बोलण्यातून सगळा उलगडा झाला. हिंमतरावांनी मला विचारलं होतं, की शिवशरणला झाल्या गोष्टीचा पस्तावा आहे असं ऐकतो, त्याच्या मनात माफी मागायची आहे का. आणि शिवशरणांनी विचारलं होतं, “हिंमतच्या मनात माफी मागायची हाय का?” दोघांनाही मी एकाच तोंडानं सांगितलं होतं, की व्हय व्हय, हाय की.

नीलम्मा गेल्यावर प्रेमलानं हातातला पेढा परत ठेवला.

“म्हंजे तुम्ही दोघांनाबी दुसऱ्याची माफी पोचवली,” ती म्हणाली. “आणि मागितली कुणीच न्हाय.”

प्रेमलाचं म्हणणं होतं, की आत्ता, याच पावली दोघांकडं जा आणि खरं काय ते सांगून टाका. मला ते पटलंही. मी चप्पल घातली आणि शिवशरणांच्या घराकडं निघालो. पण दारात निकिता भेटली. ती लहानपणी हिंमतरावांच्या अंगणात खेळून मोठी झालेली पोरगी. म्हणाली, “काका, हिंमतकाका माझ्या लग्नात येतील असं मला वाटलंच न्हवतं. बाबा आज दुपारी जेवताना हसले. लई दिवसांनी.” आता त्या पोरीच्या तोंडावर मी काय सांगणार होतो? तिचे बाबा घरात आहेत का, एवढं विचारून, ते आहेत असं कळल्यावर, मी परत आलो.

लग्न झालं की सांगेन, असं मी ठरवलं. लग्नापर्यंत फक्त एक गोष्ट सांभाळायची होती. या दोघांना माफीच्या विषयावर एकमेकांशी बोलू द्यायचं नाही.

तेव्हापासून माझी झोप गेली. दोघं जिथं जातील तिथं मी त्यांच्या मधे. पत्रिका वाटायला दोघं एका जीपमधून निघाले की मी बोलावणं नसताना मधल्या जागी जाऊन बसायचो, गिअरची दांडी दोन गुडघ्यांत धरून. हिंमतराव म्हणायचे, “शेवटी वाकल्यानं माणूस लहान व्हत न्हाय.” शिवशरण म्हणायचे, “त्येच म्हनतो मी.” दोघंही दुसऱ्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होते आणि मधे माझा सदरा घामानं पाठीला चिकटत होता. कुणी ‘त्या दिवशी’ असा शब्द काढला, की मी खोकायचो. ‘तू म्हणं’ असं सुरू झालं की मला तहान लागायची. एकदा तर मी चालत्या जीपमध्ये चक्कर आल्याचं सोंग केलं आणि कळंबला एका दवाखान्यात सलाईन लावून घेतली. दोघं माझ्या उशाशी बसले होते. तिथंही मला डोळा मिटता येईना.

त्याच्याही आधी, पहिली पत्रिका देवाला ठेवायला आम्ही येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो. दर्शन झालं, पायऱ्यांवर बसलो. झाडीतून गार वारा येत होता. अशा जागी माणसाचं मन मोकळं होतं, आणि मला तीच भीती होती. शिवशरणांनी घसा खाकरला. म्हणाले, “हिंमत, येक बोलू का? तू त्या दिवशी जे...” आणि माझा खोकला ऐन वेळी येईना. मी तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तेवढ्यात एका वानरानं शिवशरणांच्या मांडीवरचा प्रसादाचा नारळ उचलला आणि ते झाडावर गेलं. हिंमतराव त्याच्या मागं ओरडत धावले. मी त्या वानराला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. परतीच्या वाटेवर मी इतकी बडबड केली, सोयाबीनपासून लेकरांच्या शिक्षणापर्यंत, की हिंमतराव म्हणाले, अध्यक्ष हल्ली लई बोलायला लागले.

गावात मात्र माझी कीर्ती वाढत होती. अध्यक्षांनी समेट केला आणि तो टिकावा म्हणून स्वतःचं घरदार सोडून राखण करतायत, असं लोक म्हणत. पुढच्या वर्षीही मीच, असं दोघांनी ठरवूनही टाकलं होतं.

लग्न कळंबच्या कार्यालयात होतं. निघताना प्रेमलानं बजावलं, की वरात दारात येईल तेव्हा माळा वाजतील, तेवढा वेळ कापूस ठेवा आणि मग काढा, कारण आज तुमचे कान जागे पाहिजेत. मी तसंच ठरवलं होतं. पण कार्यालयाच्या दारात फेटे बांधणारा होता. मी अध्यक्ष म्हटल्यावर त्यानं माझा फेटा खास बांधला. दोन्ही कानांवरून असा आवळून नेला, की वरात येऊन गेल्यावर मी बोट घालायला गेलो तर आत बोट काय, सुईसुद्धा जाईना. सोडून पुन्हा बांधायला जावं तर तो निघून गेलेला. एवढ्यात मला व्यासपीठावर नेऊन बसवलं.

पुढचं मला नंतर प्रेमलानं सांगितलं. पण सगळं क्रमानं यावं म्हणून इथंच सांगतो.

अक्षतेच्या आधी मानपान होता. शिवशरणांनी ठरवलं होतं, की पहिला फेटा हिंमतरावांना आणि तोही स्वतःच्या हातानं. जुनं सगळं त्यात फिटावं, असा त्यांचा विचार. हिंमतराव पुढं आले. अख्खा मांडव गप्प झाला, कारण टोपीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शिवशरणांनी भगव्या फेट्याचे दोन वेढे दिले आणि मधेच थांबून माइक हातात घेतला. कधी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचं मन भरून आलं होतं.

“मंडळी,” ते म्हणाले, “हिंमतरावांनी मोठं मन करून माझी माफी मागितली, म्हणून आजचा हा दिवस दिसला.”

टाळ्या झाल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसले, म्हणून मीही वाजवल्या.

हिंमतरावांनी हळूच मान वळवली. “कुणी मागितली?”

“तुम्ही.”

“म्या? आवो, तुम्ही मागितली म्हनून म्या आलो तुमच्या दारात.”

माइक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळं गेलं. शिवशरण म्हणाले, आपण जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. हिंमतराव म्हणाले, मग आपल्याला तरी काय गरज पडली होती. दोघं एकमेकांना अहो-जाहो करायला लागले, हे सगळ्यांत वाईट लक्षण होतं. फेट्याचे दोन वेढे हिंमतरावांच्या डोक्यावर आणि उरलेला लांबलचक पट्टा शिवशरणांच्या हातात. बांधावा की सोडावा, हे कुणालाच कळेना. हिंमतरावांची माणसं खुर्च्यांवरून उठायला लागली. बोहल्यामागं निकिता उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला.

मग दोघंही एकदम माझ्याकडं वळले. “अध्यक्ष,” हिंमतराव म्हणाले, “तुम्हीच सांगा. माफी यांनी मागितली का म्या?”

कुणीतरी माइक माझ्या तोंडापुढं धरला. मला एवढंच दिसलं, की सगळा मांडव माझ्याकडं बघतोय आणि दोघांचे ओठ थांबलेत. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “व्हय व्हय, हाय की.”

मांडवातले चेहरे बघून मला कळलं, की या वेळी हे उत्तर बसलेलं नाही.

बायकांच्या बाजूनं प्रेमला उठली. पदर खोचून ती सरळ व्यासपीठावर चढली. तिनं दोन्ही हातांनी माझा फेटा जोर लावून वर सरकवला, एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या कानातला, आणि तळहातावर ठेवून आधी हिंमतरावांना दाखवला, मग शिवशरणांना.

“ह्यांना आज काय ऐकू आलं न्हाय,” ती म्हणाली. “आणि त्या दिवशीबी आलं न्हवतं.”

माझ्या कानांत एकदम जग शिरलं, आणि त्या जगात काहीच आवाज नव्हता. एवढी माणसं आणि नुसते पंखे फिरत होते. हिंमतरावांनी विचारलं, की कानात कापूस कशाला. मी प्रेमलाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

“मला आवाजाची भीती वाटते,” मी म्हणालो. “फटाक्याच्या.” माइक अजून तोंडापुढंच होता.

मागं कुणीतरी फिस्कन हसलं आणि थांबलं. शिवशरण माझ्याकडं बघत होते, मग हातातल्या पट्ट्याकडं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे हिंमतनं माफी मागितलीच नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. आणि प्रेमला म्हणाली, त्यांनीही नाही आणि तुम्हीही नाही, दोघं आपापल्या पायांनी गेलात एवढंच खरं.

मला वाटलं, आता हिंमतराव फेटा ओढून काढणार, त्यांच्यामागं अर्धा मांडव उठणार, आणि हा दिवस ती पोरगी मरेपर्यंत विसरणार नाही. आतून नीलम्मांचा आवाज आला. “माफी नंतर हुडका सावकाश. अक्षतेची येळ टळाय लागली. पोरगी उभी हाय.”

हिंमतराव निकिताकडं बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, इतकी खाली की डोकं शिवशरणांच्या छातीला लागलं.

“बांध की आता,” ते म्हणाले. “मान अवघडली माझी.”

शिवशरणांनी पट्ट्याचे उरलेले वेढे घातले. बांधलेला फेटा फारच वाईट झाला. एक कान आत, एक बाहेर, शेमला पाठीऐवजी खांद्यावर. हिंमतरावांनी तो दिवसभर तसाच ठेवला आणि कुणी नीट करायला हात पुढं केला, तर ते हात झटकून टाकायचे. अक्षता पडल्या तेव्हा दोघं शेजारी उभे होते. मी व्यासपीठाच्या कडेला, नळाजवळ उभा होतो, कारण माझं पोट आता खरोखरच दुखत होतं.

माफी त्यानंतरही कुणी मागितली नाही. त्यांच्यातली भिंत मात्र पाडली. विटा कुणी न्यायच्या यावरून थोडा वाद झाला, पण तो दोघांनी तोंडानं घातला, आभाळाकडं न बघता.

तुम्हाला वाटेल, की मग माझं कौतुक झालं असेल. मलाही तसं वाटलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच बैठकीला मी नवा सदरा घालून गेलो. हिंमतराव उठले आणि म्हणाले, की फटाक्यांच्या मंडळाचा अध्यक्ष फटाक्याला भितो, ही बातमी बाजारात पसरली तर आपला माल कोण घेईल. त्यांनी मला काढून टाकण्याचा ठराव मांडला. अनुमोदन शिवशरणांनी दिलं. या दोघांनी मिळून मांडलेला हा इतक्या वर्षांतला पहिलाच ठराव, त्यामुळं सगळ्यांना इतका आनंद झाला की तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मीही हात वर केला. त्या वातावरणात राहवलं नाही.

नव्या अध्यक्षाचं नाव निवडायला मात्र वेळ लागला नाही. व्यासपीठावर चढून भर मांडवात खरं बोलणारं माणूस एकच होतं.

प्रेमला हे काम माझ्यापेक्षा फार बरं करते, हे मला कबूल केलं पाहिजे. माळ लागली की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते, डोळ्याची पापणी हलत नाही. आणि संपल्यावर सरळ सांगते, की मधले चार फुसके निघाले, वात ओली होती. सभासद तिला घाबरून असतात. तालुक्यात आमच्या मालाला आता पूर्वीपेक्षा भाव आहे, असं म्हणतात. मी कार्याला जातो, पण गाडी लांब उभी करून, काचा वर करून आत बसून राहतो. जेवायची वेळ झाली की ती मला बोलवायला कुणालातरी पाठवते.

परवाच एका सभासदाकडून लग्नाची पत्रिका आली. वर ठळक अक्षरांत ‘सौ. प्रेमलाताई, अध्यक्षा’ असं होतं. मी पत्रिका उलटून पालटून बघितली, माझं नाव कुठं दिसेना. प्रेमलाला विचारलं, तर तिनं चष्मा लावून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं ‘सहकुटुंब यावे’ असं छापलेलं होतं. त्या ‘कुटुंब’मध्ये हल्ली मी येतो.